जॉर्ज थांबेल

झावळ्यांचा रविवार, १६ एप्रिल १९१६

फादर रेमरना नेऊन आज पाच आठवडे आणि चार दिवस झाले. रोजनिशी लिहीत जा मास्तर, मी आल्यावर वाचीन, असं ते जाताना म्हणाले होते. इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलं की दाराशी कोणीतरी उभं आहे असं वाटतं. पण ते आलेच नाहीत आणि दुसरे कोणी फादर आले, तर त्यांना निदान कळावं, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

राखेच्या बुधवारी मिस्सा संपली. आमच्या कपाळांवर राख होती तशीच होती, आणि दोन शिपाई आमच्या छोट्या देवळाच्या, कपेलाच्या, कुडाशी येऊन उभे राहिले. फादरांनी त्यांना पाणी दिलं, झगा उतरवून त्याची घडी केली, आणि निघाले. लढाई सुरू झाल्यापासून सरकार जर्मन पाद्रींना गोळा करतं आहे. वर खंडाळ्याला एका बंगल्यात ठेवलं आहे म्हणतात. बारा वर्षं ते इरशाळच्या पायथ्याच्या या कुसुंबवाडीत राहिले. ते जर्मन आहेत हे आम्ही विसरून गेलो होतो.

जाताना त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. पास्कापासून, म्हणजे ईस्टरपासून, पुढच्या सणांची यादी, त्यांच्या तिरक्या बालबोध अक्षरात. म्हणाले, "फादर नसला तरी संत येतातच, मास्तर. दार तेवढं उघडं ठेवा."

मी शाळामास्तर. वसईहून नऊ वर्षांपूर्वी इथं आलो. मिस्सा करायचा मला अधिकार नाही. प्रार्थना म्हणवून घेता येते, तेवढीच. आज झावळ्या वाटल्या. अकरा घरची माणसं आली. सगळे रिकाम्या वेदीकडे बघत होते आणि मग माझ्याकडे.

मला भीती वाटते. हे लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं.

पवित्र गुरुवार, २० एप्रिल

शाळेत आज नवा धडा घेतला नाही. फादरांची यादीच फळ्यावर लिहिली आणि मुलांना वह्यांत उतरवायला लावली. अक्षर सुधारतं, सणही पाठ होतात.

यंदा पास्क फार उशिरा आहे. तेवीस तारखेला पास्क, आणि संत जॉर्जचा दिवसही तोच. मोठ्या सणापुढे धाकट्यानं मागं सरायचं असतं. फादरांनी तेच आपल्या पद्धतीनं लिहिलं आहे: 'एप्रिल २३. जॉर्ज थांबेल. २५. मार्कही थांबेल, पण फेरी थांबणार नाही.' पुढे पीटर, कॅथरीन, फिलिप आणि याकोब, क्रूस सापडल्याचा दिवस, माझ्या बायकोच्या नावाची संत मोनिका, तेलातून वाचलेला योहान, आणि दहा मेला योसेफाच्या छत्राचा, म्हणजे आश्रयाचा, सण.

चिमानं सगळ्यांत सुबक उतरवलं. कोंडीची नात ती. तिला शाबासकी दिली.

पास्क, २३ एप्रिल

घंटा वाजवली. गाणी म्हटली. कोंडीनं करवंदांची पाटी वेदीपुढे ठेवली. ती इथली सगळ्यांत म्हातारी बाई. बाप्तिस्म्याचं नाव मारिया, पण त्या नावानं हाक मारली तर वळूनही बघत नाही. मला म्हणाली, "जॉर्जाच्या सणाला करवंदं काळी व्हायला लागत्यात. येवढं ध्यानात ठेव, कागद लागायचा नाय."

दुपारी लोधिवलीहून एक गवळी आला. चौक गावच्या बाजारात पोलीस विचारत होते म्हणे, की जर्मन पाद्रीची माणसं कोण कोण. मी जेवलो नाही. मोनिका म्हणाली, "विचारू देत की. आपण काय केलंय?"

काय केलंय हे विचारणारा ठरवतो. तिला हे कळत नाही. तिला सातवा महिना आहे.

मंगळवार, २५ एप्रिल

आज जे झालं ते फादरांना वाचायला मिळू नये असं वाटतं, तरी लिहितो.

संत मार्कच्या दिवशी शेतावरची फेरी असते. क्रूस पुढे धरून, भाताच्या बियाण्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन भाजलेल्या जमिनीभोवती फिरायचं. मी संतांची नावं घ्यायची आणि मागच्यांनी म्हणायचं, आम्हांसाठी विनंती कर. दरवर्षी फादर पुढे असत. आवाज चौकापर्यंत जातो.

तेच मनात आलं, की आवाज चौकापर्यंत जातो. मी सांगून टाकलं, यंदा फेरी नाही. माणसं पाट्या घेऊन अंगणात उभी होती. कोणी हाललं नाही. कोंडीचा लेक पोशा म्हणाला, "मास्तर, बियानं तसंच पेरायचं?"

"तसंच पेरा. घरात प्रार्थना करा. देव घरातलीही ऐकतो."

"मंग रेमरबाबा बाराही वर्षं उन्हात कशाला फिरला?"

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. कोंडी फेरी काढत होती. क्रूस पोशाच्या हातात असावा. तिला संतांची नावं अर्धीमुर्धी येतात. पेद्रू, पावलू, मार्क एवढी झाली आणि नावं संपली, तेव्हा तिनं वाडीतल्या मेलेल्या माणसांची घ्यायला सुरुवात केली. धाऊ, आमासाठी विनंती कर. मंगळ्या, आमासाठी विनंती कर. सोमी, जी पहिल्याच बाळंतपणात गेली, तिचंही. माणसं हुंदके देत उत्तर देत होती.

हे धर्माला धरून नव्हतं. उठून सांगायला हवं होतं. मी दाराच्या फटीशी उभा राहून रस्त्यावर कोणी येतं का ते बघत होतो.

बुधवार, २६ एप्रिल

आपणच आधी सांगितलेलं बरं, असा विचार केला. खालापूरच्या महालकरी साहेबांना अर्ज लिहिला. लिहिलं की मी राजनिष्ठ प्रजाजन असून केवळ पगारी शाळामास्तर आहे, आणि फादर रेमर यांच्या कागदपत्रांशी, याद्यांशी अगर निरोपांशी माझा कसलाही संबंध नाही. चौकाला जाऊन टपालात टाकला. येताना पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं.

मोनिकाला सांगितलं नाही.

शनिवार, २९ एप्रिल. संत पीटर, हुतात्मा

हवालदार आला होता. सहदेव त्याचं नाव, खालापूरचा. माणूस बोलायला वाईट नाही. ओट्यावर बसला, ताक प्याला, मोनिकाची विचारपूस केली. मग म्हणाला, "मास्तर, ते कागद कुठायत?"

"कुठले कागद?"

"फादरांचे. याद्या, निरोप."

याद्या! हा शब्द यांना कोणी सांगितला? यादी असल्याचं वाडीबाहेर कोणाला माहीत नाही. मी म्हणालो, असं काही नाही. तो म्हणाला, "बघा, आठवून ठेवा. जिल्ह्याहून साहेब आलेत, गोरे आहेत, त्यांना लढाईचा फार ताप आहे."

तो गेल्यावर यादी चुलीत घातली. आधी ती छपराच्या पेंढ्यात होती, मग पिठाच्या डब्यात, काल उशीच्या खोळीत. मोनिका भाकरी थापत होती. तिनं बघितलं. "फादरांचं अक्षर होतं ते," एवढंच म्हणाली आणि पुढची भाकरी थापली.

कोणी सांगितलं असेल? पोशा दर बाजारी चौकाला जातो. मंगळवारी फेरीवरून तो माझ्यावर चिडलेलाही होता.

रविवार, ३० एप्रिल. संत कॅथरीन

प्रार्थनेनंतर मी पोशाला सगळ्यांसमोर विचारलं, "चौकात जाऊन काय सांगितलंस?"

तो बघतच राहिला. चाळिशीचा माणूस, मोळ्या वाहून खांदे दगडासारखे झालेले. त्याचं तोंड मात्र मार खाल्लेल्या मुलासारखं झालं.

"म्या काय सांगू, मास्तर?"

"यादीचं. पोलिसांना."

तो टोपी उचलून चालता झाला. कोंडी जागची उठली नाही. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १ मे. फिलिप आणि याकोब

झडती झाली. हवालदार आणि चार शिपाई. कपेलातली वेदी हलवली, छपराचा पेंढा ओढला, मोनिकाच्या पेटीतली बाळाची दुपटी उलगडून पाहिली. तेव्हा मला काही वाटलं नाही, कारण यादी जळून गेली होती आणि ही रोजनिशी कोंबड्यांच्या खुराड्यात होती. मी मनात म्हणत होतो, शोधा.

मग शिपाई शाळेच्या ओट्यावर गेले. मुलांच्या वह्या एकीवर एक रचलेल्या होत्या.

सहदेवनं वरचीच वही उघडली. चिमाची. तो अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागला, "एप्रिल तेवीस. जॉर्ज थांबेल." थांबला. पुन्हा वाचलं. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "मास्तर, जॉर्ज म्हणजे... बादशहा?"

मला बोलता आलं नाही. खरंच आलं नाही. ते सगळ्या वह्या घेऊन गेले. चिमा रडत मागं धावली, तिला वाटलं अक्षर चुकलं म्हणून नेली.

बुधवार, ३ मे. क्रूस सापडल्याचा दिवस

काही केलं नाही. घंटाही वाजवली नाही. आज क्रूसाला फुलं वाहतात. सकाळी पाहिलं तर कपेलाच्या दारात कोणीतरी बहाव्याची पिवळी फुलं ठेवून गेलं होतं. मी ती आत नेऊन ठेवली. बाहेरून दिसू नयेत म्हणून.

गुरुवार, ४ मे. संत मोनिका

हिच्या नावाचा दिवस. मी म्हणालो, "वसईला जाऊ या. आजच. बैलगाडीनं पनवेलपर्यंत, तिथून होडीनं."

ती म्हणाली, "पळणाऱ्याला पकडायला सोपं जातं."

"तुला भीती वाटत नाही?"

"तुम्ही दोघांच्या वाटची बाळगताय. मला ठेवलीय कुठं?"

ती हसली नाही. मीही नाही. शनिवारी कचेरीत हजर राहायचा हुकूम आला आहे.

शनिवार, ६ मे. योहान, तेलातून वाचलेला

या दिवशी रोमच्या वेशीबाहेर संत योहानाला उकळत्या तेलात टाकलं आणि तो जसाच्या तसा बाहेर आला. मुलांना ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगतो. आज खालापूरच्या वाटेवर तीच आठवत होती. तेलात पडताना त्याला माहीत नव्हतं की आपण वाचणार आहोत.

पोशा शंभर पावलं मागून येत होता. मी थांबलो की तोही थांबायचा. कचेरीसमोरच्या वडाखाली तो बसून राहिला, दिवसभर. म्हणजे माझा संशय खरा. मी काय बोलतो, कधी सुटतो, याची खबर त्याला पोचवायची असणार.

साहेब तरुण आहे. मराठी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलतो. टेबलावर चिमाची वही.

"हे लोक कोठे राहतात? जॉर्ज, मार्क, पीटर, फिलिप?"

"स्वर्गात, साहेब."

कारकून फिस्सकन हसला. साहेब हसला नाही. "जॉर्ज थांबेल. फेरी थांबणार नाही. कसली फेरी? कोण काढणार? कोठून?"

मी सांगितलं, शेतावरची. बियाण्याची. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"ही यादी तुला पाद्रीने दिली?"

आता इथं मी काय केलं ते लिहितो. 'होय' म्हणालो तर मी निरोप्या ठरणार. 'नाही' म्हणालो तर यादी माझी ठरणार. मी म्हणालो, "मुलांनी लिहिली आहे, साहेब. मुलांनी कुठून आणली मला ठाऊक नाही."

नऊ वर्षांची चिमा. तिच्यावर ढकललं मी.

साहेबानं वही मिटली. म्हणाला, बुधवारी खंडाळ्याचे पाद्री गाडीनं मुंबईला नेणार आहेत, तिथून बोटीनं त्यांच्या देशाला. गाडी घाट उतरून कर्जतला थांबते. "तू तेथे हजर राहशील. तुम्हा दोघांना समोरासमोर विचारीन. तो होय म्हणाला तर तू ठाण्याच्या तुरुंगात जाशील."

बाहेर आलो तेव्हा पोशा उठला आणि पुन्हा शंभर पावलं मागून चालू लागला. वाटेत एकदा मला भोवळ आली, मी बांधावर बसलो. तो पुढं येऊन पाण्याचा भोपळा माझ्याजवळ ठेवून परत मागं गेला.

मंगळवार, ९ मे

तीन दिवस झोप नाही. मोनिकानं माझी दोन धोतरं, एक पांघरूण आणि जपमाळ बांधून ठेवली आहे. मी विचारलं हे कशाला. "लागलं तर," म्हणाली.

वाडीत सगळ्यांना कळलं आहे. कोंडी येऊन सांगून गेली, "उद्या योसेफाचा सण. आमी समदी येतो. बाबाला बघायचं हाय."

मी हात जोडले. "नका येऊ गं म्हातारे. जितकी माणसं जास्त, तितकं माझ्यावर जास्त येईल."

"तुझ्यासाठी कोन येतंय?" ती म्हणाली.

खरं तर मी पाठ करतो आहे. उद्या काय बोलायचं ते. मी फक्त पगारी मास्तर, साहेब. मला काही माहीत नाही, साहेब. भिंतीकडं तोंड करून म्हणून बघतो.

गुरुवार, ११ मे

काल लिहिता आलं नाही.

पहाटेच निघालो. वाडीची तेवीस माणसं, लेकुरवाळ्यासुद्धा. मोनिकाही, मी नको म्हणत असताना. पोशानं तिच्यासाठी कोणाची तरी बैलगाडी आणली होती. कर्जतला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सहदेव हवालदारानं वाडीच्या माणसांना फलाटाच्या टोकाला बसवलं आणि मला साहेबाशेजारी उभं केलं.

गाडी आली. मधल्या डब्याला शिपायांचा पहारा. खिडक्यांतून दाढ्या दिसत होत्या, सात-आठ. फादर रेमर तिसऱ्या खिडकीत होते. दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. गळ्याचं कातडं लोंबत होतं. टोकाला बसलेली माणसं एकदम उठली आणि गुडघ्यांवर बसली. कोंडीनं हाक मारली, "बाबा! रेमरबाबा!"

त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

त्यांना खाली उतरवलं. साहेबानं चिमाची वही उघडून धरली आणि मराठीतच विचारलं, म्हणजे मलाही कळावं, "ही तुमची यादी आहे काय? तुम्ही ती ह्या माणसाला दिलीत?"

आणि मला काय झालं ते मला अजून समजलेलं नाही. पाठ केलेलं सगळं गेलं. त्यांचे पाय दिसत होते. चपला कुठं होत्या कोण जाणे, अनवाणी होते, आणि टाचेला चिंधी बांधलेली होती. मी पुढं झालो. म्हणालो, "साहेब, ती यादी..." खरं सांगणार होतो. दिली, त्यांनी मला दिली, मी जाळली, मुलीवर ढकललं. सगळं तोंडाशी आलं होतं.

"गप्प बस!" फादर ओरडले.

बारा वर्षांत त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. गाडीतले लोक बाहेर डोकावले.

मग ते साहेबाला म्हणाले, "ही यादी पंचांगासारखी आहे. प्रत्येक कपेलात असते. जॉर्ज हा संत आहे, आणि तुमच्याच देशाचा रक्षक. हे तुम्हाला एका जर्मनानं सांगावं लागतंय." साहेबाचं तोंड लाल झालं.

"आणि हा मनुष्य?"

फादरांनी माझ्याकडं बोट केलं. नजर मात्र माझ्या डोक्यावरून कुठंतरी पलीकडं. "हा? पोरं सांभाळायला ठेवलेला पगारी माणूस. नऊ वर्षांत याच्या हातात मी एक चिठ्ठी दिली नाही. हा भित्रा आहे, साहेब. कुत्रं भुंकलं तरी आत पळतो. असल्या माणसावर कोण विश्वास ठेवील? मी तर कधीच ठेवला नाही."

साहेब हसला. शिपाई हसले. फलाटावर पाणी देणारा माणूसही हसला.

मी खाली बघत होतो. त्यांना परत डब्यात चढवलं. खिडकीची फळी ओढल्याचा आवाज आला. गाडी गेली.

आयुष्यात पहिल्यांदा भीती सोडून खरं बोलायला तोंड उघडलं, आणि ज्यांच्यासाठी उघडलं त्यांनीच ते बंद केलं. नऊ वर्षं मी त्यांची वेदी झाडली. त्यांना ताप आला तेव्हा उशाशी बसलो. आणि त्यांनी माझ्याबद्दल मनात हे ठेवलं होतं.

शुक्रवार, १२ मे

सहदेव आला. वह्या परत आणल्या. म्हणाला, "सुटलात. साहेबांनी तुमच्या नावावर रेघ मारली. म्हणाले, असल्या माणसाकडं जर्मन काय देणार! तुमच्या फादरांनी पार धुऊन काढलं बघा तुम्हाला."

मी म्हणालो, "पण हवालदार, यादीचं तुम्हाला सांगितलं तरी कोणी? पोशानं ना?"

"कोण पोशा?" त्यानं डोकं खाजवलं. "अहो, तुमचाच अर्ज आला होता की. कागदपत्रांशी, याद्यांशी संबंध नाही म्हणून. तोवर तर याद्या असतील हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं."

तो गेल्यावर मी वह्या ओट्यावर एकीवर एक रचून ठेवल्या.

शनिवार, १३ मे

पोशाकडं गेलो. तो अंगणात टोपली विणत होता. मी सांगितलं, चूक माझी होती. अर्ज मीच केला होता. तुझ्यावर सगळ्यांसमोर आळ घेतला, तसंच सगळ्यांसमोर उद्या परत घेईन.

तो म्हणाला, "खालापुरास तुमी वाटंत पडाल आसं वाटलं, म्हून आलो व्हतो मागं. बाईनं सांगितलं व्हतं."

"मोनिकानं?"

"हां. मास्तरास कळू देऊ नको म्हनली. लाज वाटंल त्येंना."

चिमाचीही माफी मागितली. तिला काही कळलं नाही. वही मिळाली याचाच तिला आनंद.

रविवार, १४ मे

प्रार्थनेनंतर पोशाबद्दल सगळ्यांसमोर बोललो. माणसं ऐकून आपापल्या कामाला गेली. कोंडी तेवढी थांबली.

मी तिला म्हणालो, "तूही ऐकलंस ना स्टेशनवर? बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणे. कधीच."

"ऐकलं."

"मग मी इथं राहू कशाला? कोणाच्या तोंडानं सण करू?"

ती माझ्याकडं बघत राहिली, चिमा बेरीज चुकली की मी बघतो तशी. "बाबा म्हनला, तुझ्या हातात कागूद दिला नाय. दिला व्हता का न्हवता?"

"दिला होता. तुमच्यासमोरच दिला."

"मंग येक लबाडी झाली. बाबा कवा लबाड बोलला व्हता का?"

"कधीच नाही."

"त्या दिशी बोलला. येवढा जल्म गेल्यावर. आन त्या साहेबास आमीबी दिसत व्हतो, म्हून म्या हाक मारली तरी वळला नाय. फळी वढली तवा हात कसा लटलटत व्हता त्याचा, पाह्यलास?"

"मी खाली बघत होतो."

"व्हय. तू खालीच बघत असतोस," ती म्हणाली आणि काठी टेकत उठली. "येक लबाड बोलनारा मानूस दुसरं खरं कशाला बोलंल रं?"

ती गेल्यावर मी पुन्हा पुन्हा ती वाक्यं मांडून पाहिली. चिठ्ठी दिली नाही, हे खोटं. माझ्यावर विश्वास ठेवला नाही. हे खोटं असेल का? असावं अशी फार इच्छा आहे, म्हणूनच धीर होत नाही. विचारायला आता ते नाहीत. बोट कदाचित आज समुद्रात असेल. आणि भित्रा म्हणाले, ते?

आत्ता मोनिका तांदूळ निवडत समोर बसली आहे. तिला विचारलं, "मी भित्रा आहे का?"

"आहात," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"म्हणजे फादर खरं बोलले."

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"तेवढंच," म्हणाली.